सातबाऱ्यावर बाई किती? गावाचा हिशेब संगणकाने काढताना

रानजाई

गावातल्या किती जमिनीवर बाईचं नाव आहे, असं ग्रामसभेत विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. देशाचे आकडे आहेत, पण त्यांचा मेळ बसत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहिती खात्यांपैकी सुमारे १४ टक्के खाती बायकांची होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ४३ टक्के बायकांनी सांगितलं की घर किंवा जमीन आपल्या एकटीच्या किंवा सामाईक नावावर आहे. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. पहिल्यात जमीन कसतंय कोण ते मोजलंय, मालकी नाही. दुसऱ्यात घरही धरलंय, सामाईकही धरलंय, आणि उत्तर तोंडी आहे. गावाला यातला एकही आकडा उपयोगाचा नाही. गावाचा आकडा कागदावरूनच काढावा लागतो, आणि दोन-तीन हजार नावं हाताने चाळायचा कंटाळा येतो म्हणून तो कोणी काढत नाही. इथे संगणकाचा उपयोग होतो. कसा, आणि कुठे तो फसवतो, यासाठी हा धागा.

सुरुवात ८-अ पासून करा, सातबाऱ्यापासून नको. सातबारा गटागटाचा, म्हणजे जमिनीच्या एकेका तुकड्याचा असतो, त्यामुळे एकाच बाईचं नाव पाच गटांत असेल तर ती पाच वेळा मोजली जाते. ८-अ खात्याचा असतो, गावातली त्या खात्याची सगळी जमीन एकत्र. शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर तो फुकट दिसतो, पण दर वेळी मोबाइल नंबर आणि कॅप्चा. तो चुकवणारी स्क्रिप्ट लिहायच्या भानगडीत पडू नका. ग्रामसंघाच्या (गावातल्या बचत गटांच्या संघाच्या) लेटरहेडवर ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे (म्हणजे कालपरवापर्यंतचे तलाठी) खातेदारांची यादी मागा. नाही दिली तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा आणि "सॉफ्ट कॉपी" हा शब्द अर्जात घालाच. नाहीतर पानाला २ रुपये दराने झेरॉक्सचा गठ्ठा येतो आणि तिथून वेगळं दुखणं सुरू होतं.

गठ्ठाच आला तर ३०० डीपीआयला स्कॅन करा, करडा रंग ठेवा, निव्वळ काळं-पांढरं नको, कारण त्यात अनुस्वार उडतात. टेसरॅक्टला (चित्रातून मजकूर काढणारं सॉफ्टवेअर) मराठीचा डेटा लावून मजकूर काढता येतो. ध-घ, भ-म, ब-व यांत गल्लत होते. क्षेत्राच्या रकान्यात १ आणि ९ मध्ये होते, ती जास्त महागात पडते. म्हणून प्रत्येक पानावरच्या क्षेत्रांची बेरीज खालच्या छापील बेरजेशी ताडून बघायची. जुळली नाही तर ते पान हाताने.

---

फेरफार

चांगला धागा. सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी कागद कसा वाचायचा ते लिहितो, कारण चुका तिथेच होतात.

१) खोडलेली नावं. पूर्वी कमी झालेलं नाव कंसात जायचं. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हापासून त्यावर आडवी रेघ येते. डोळ्याला रेघ दिसते. मजकूर कॉपी केला की रेघ मागे राहते आणि नाव तेवढं येतं. म्हणजे हक्कसोड करून गेलेली बहीण तुमच्या यादीत परत मालकीण होते! यावर उपाय एकच: मजकूर न काढता पानाचं चित्र काढून एआय मॉडेलला दाखवायचं आणि "रेघ असलेली नावं वेगळी दे" असं सांगायचं. तरीही रेघ असलेलं प्रत्येक नाव माणसाने बघायचं.

२) अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. "सुरेश रामा पवार अ.पा.क. आई शांताबाई" यात मालक सुरेश. शांताबाई फक्त पालक. नावं मोजणारा प्रोग्राम शांताबाईंना खातेदार धरतो. सुरेश आता पन्नाशीचा असला तरी शेरा तसाच असतो, ही अजून एक मजा.

३) ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं एकट्याचं नाव, पुढे हा शेरा. या खात्यात बाईचं नाव नाही म्हणजे हक्क नाही असं नव्हे, तो लिहिलेलाच नाही. अशी खाती "बाई नाही" मध्ये टाकू नका. त्यांचा वेगळा रकाना करा. बऱ्याच गावांत काम करण्यासारखी सगळ्यात मोठी जागा हीच निघते.

४) इतर हक्काचा रकाना. वारस नोंदीत मुलगे भोगवटादार (म्हणजे जमीन ज्यांच्या नावावर ते) आणि मुलींची नावं इतर हक्कात, हा जुना प्रघात. पोटगीच्या नोंदीही तिथेच. दोन्ही स्वतंत्र मोजा.

५) क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये. ०.४०.०० म्हणजे ४० आर, साधारण एक एकर. एक्सेल याला दशांश समजत नाही, मजकूर समजतं, आणि बेरीज शून्य दाखवतं. तिन्ही भाग तीन रकान्यांत तोडा. बिगरशेतीचा सातबारा आर-चौ.मी. मध्ये असतो, तो आधीच बाजूला काढा. नाहीतर तीन आराचा प्लॉट तीन हेक्टर होतो.

---

अनुस्वार

नावावरून स्त्री की पुरुष हे ठरवण्याबद्दल. मॉडेलला यादी देऊन "सांग" म्हणण्याआधी तीन पायऱ्या करा, निम्म्याहून जास्त नावं तिथेच सुटतात.

पहिली पायरी, अक्षरं एकसारखी करणं. "गोऱ्हे" मधला ऱ्ह दोन-तीन तऱ्हांनी टंकलेला असतो: कुठे सुटं ऱ, कुठे र खाली नुक्ता, कुठे र आणि हलन्तानंतर न दिसणारा जॉइनर. डोळ्याला सारखे, संगणकाला वेगळे. मजकूर एनएफसी रूपात (युनिकोडचं एक ठरलेलं रूप) आणा आणि तुलनेपुरते शून्य रुंदीचे जॉइनर काढून ऱ चा र करा. मूळ रकाना मात्र तसाच ठेवा, कारण त्या जॉइनरशिवाय छापलेलं नाव बिघडतं.

दुसरी, नावाला चिकटलेल्या खुणा: सौ., श्रीमती, गं.भा., बाई, ताई. जुन्या नोंदींत भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा ("लक्ष्मी भ्र. रामचंद्र"). विदर्भ-मराठवाड्यात जौजे आणि बेवा, दक्षिणेकडे सीमाभागाजवळ कोम. भ्र., जौजे, बेवा, कोम यांच्या आधीचं नाव बाईचं. वल्द (अमक्याचा मुलगा) असेल तर पुरुषाचं. ही खूण कोणत्याही मॉडेलपेक्षा भरवशाची आहे.

तिसरी, पहिल्या नावांचा कोश. गावात तीनेकशे वेगळी पहिली नावं निघतात. दोन बायका चहाच्या वेळेत ती वाचून खूण करतात.

यानंतर उरतील ती मॉडेलला. उत्तराला तीन पर्याय द्या: स्त्री, पुरुष, ठरत नाही. तिसरा पर्याय नसेल तर ते ठोकून देतं. बाहेरून शिकून आलेल्या मॉडेलांच्या डोक्यात "शेवटी आ किंवा ई, म्हणजे बाई" हा नियम घट्ट बसलेला असतो. आपल्याकडे कृष्णा, विठोबा, आप्पा, तात्या आहेत. तानाजी, संभाजी, शिवाजी सगळे दीर्घ ई वर संपतात. उलट सुमन, कमल, विमल, मंगल, कांचन या आपल्या बायका, आणि त्यांना हे पुरुष करून टाकतं. किरण आणि शशी बघूनच ठरवायचं. शांताराम, सीताराम, गंगाराम मध्ये "सुरुवातीचा शब्द बघ" हा नियमही फसतो.

मराठवाड्यात मुसलमान खातेदारांच्या नावात "शेख" पुढे येतं, त्यामुळे पहिला शब्द म्हणजे पहिलं नाव हे गृहीतक मोडतं. "बी" आणि "बेगम" शेवटी बघा. आणि आता नवं: १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं असा क्रम आहे. जमिनीच्या कागदात ही पिढी यायला वेळ आहे, पण "मधलं नाव पुरुषाचं" असं प्रोग्राममध्ये पक्कं ठोकू नका.

---

कोरडवाहू

> उरतील ती मॉडेलला

इथे थांबा जरा. ९५ टक्के अचूक असं कोणी सांगितलं की आपण खूश होतो. हिशेब करून बघू. समजा १००० नावं, त्यात बायका १००. सगळ्यांना "पुरुष" म्हणणारा दगडसुद्धा ९० टक्के अचूक आहे.

आता बरं मॉडेल घ्या. १०० बायकांपैकी ९० ओळखल्या, ९०० पुरुषांपैकी ५ टक्के चुकवले म्हणजे ४५ पुरुषांना बाई म्हटलं. यादीत बायका दिसतील १३५, त्यातल्या एकतृतीयांश पुरुष. ग्रामसभेत तुम्ही साडेतेरा टक्के सांगणार आणि खरा आकडा १०. चूक नेमकी त्या दिशेला जाते जिथे सगळ्यांना बरं वाटतं.

म्हणून "अचूकता" हा एक आकडा विचारू नका. दोन विचारा: खऱ्या बायकांपैकी किती सापडल्या, आणि बाई म्हटलेल्यांपैकी किती खरंच बायका. त्यासाठी २०० नावं चिठ्ठी टाकून निवडा, गावातल्या दोन जणींनी एकमेकींचं न बघता खूण करायची. दोघींत फरक पडला ती नावं तिसरीकडे. मग मॉडेलशी ताडा. आणि बायका कमी असल्यामुळे २०० मध्ये त्या २०-२५ च येतील, तेव्हा मॉडेलने "बाई" म्हटलेली सगळीच नावं हाताने तपासलेली बरी. शे-दीडशे असतात, तासाभराचं काम.

---

बोरीबाभळी

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ चॅटबॉटला पूर्ण पीडीएफ दिली तर? एका झटक्यात तक्ता करून देतो.

---

फेरफार

@बोरीबाभळी, देतो, आणि तिसऱ्या पानानंतर नावं गाळायला लागतो. शेवटी "एकूण" खाली बेरीज लिहितो ती त्यानेच वरती दिलेल्या ओळींशीही जुळत नाही. पान-पान द्या, प्रत्येक पानाच्या ओळींची संख्या आधी मोजून ठेवा, आणि बेरीज एक्सेलला करू द्या.

दुसरं म्हणजे खात्याची माहिती सरकारी संकेतस्थळावर दिसते म्हणून गावाची अख्खी यादी परक्या सर्व्हरवर चढवावी असं होत नाही. नाव, गट आणि क्षेत्र एकत्र गेलं की तो "कोणत्या विधवेकडे किती जमीन" याचा तयार तक्ता असतो. जमिनीचे दलाल याच्याच शोधात असतात. पहिल्या नावांचा रकाना तेवढा सुटा करून दिला तर काम भागतं. लॅपटॉपवर चालणारं छोटं मॉडेल या कामाला पुरेसं आहे.

---

रानजाई

आता मला ज्यासाठी धागा काढायचा होता ते. नावं मोजणं हे चित्र आहे. बदल फेरफारात (सातबाऱ्यावरचं नाव बदलणाऱ्या नोंदीत) होतो, म्हणून मॉडेलला खरं कामाला लावायचं ते तिथे.

वारसाच्या फेरफाराचा मजकूर ठरावीक असतो: अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, त्यांना वारस १) पत्नी, २) मुलगा, ३) मुलगी... नातं शब्दात लिहिलेलं असतं, त्यामुळे नावावरून अंदाज बांधायची गरजच नाही. गेल्या दहा वर्षांचे "वारस" प्रकारचे फेरफार घ्या आणि प्रत्येकातून मॉडेलकडून एवढंच काढून घ्या: फेरफार क्रमांक, मयताचं नाव, प्रत्येक वारसाचं नातं, आणि त्या नावाचं पुढे काय झालं. शेवटच्या रकान्याला चारच उत्तरं: भोगवटादार, इतर हक्क, हक्कसोड, काही नाही. आणि ज्या वाक्यावरून हे काढलं ते वाक्य जसंच्या तसं शेजारी लिहायला लावा. हे वाक्य मूळ मजकुरात शब्दशः सापडतं का ते एक्सेलच तपासू शकतं. नाही सापडलं तर मॉडेलने ते मनाने घातलंय.

मग शोधा असे फेरफार, ज्यांत एकही स्त्री वारस नाही. तीन मुलं असलेल्या घरात एकही मुलगी नसण्याची शक्यता आठात एक, साडेबारा टक्के. मुलगा-मुलगी प्रमाण बिघडलेलं धरलं तरी चौदाच्या आसपास. त्यात मयताची बायको किंवा आईही हयात नसली तरच यादी पूर्ण पुरुषांची होईल. तुमच्या गावात वारसाच्या फेरफारांपैकी तीस-चाळीस टक्के बिनबाईचे निघाले तर मुली जन्मल्याच नाहीत असं नाही, त्या लिहिल्या गेल्या नाहीत. कुटुंबं लहान असतील, एक-दोन मुलांची, तर ही अपेक्षा वर जाते. दोन मुलांत एकही मुलगी नाही हे चारात एक. तेव्हा सरसकट आरोप करायला हा आकडा वापरू नका, कोणते फेरफार उघडून वाचायचे हे ठरवायला वापरा.

दुसरी खूण: "मुलींनी हक्क सोडत असल्याचा जबाब दिला." जबाबाने किंवा स्टॅम्प पेपरवर नोटरी करून जमिनीतला हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं लागतं. फेरफारात दस्त क्रमांक आहे का ते बघा. असेल तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची-२ मध्ये (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) तो सापडतो. हे वाक्य आणि दस्त क्रमांक नसणं, या जोडीवर मॉडेलकडून खूण करून घ्या. अशा फेरफारांची संख्या ऐकून सभेत शांतता पसरते.

---

चावडीवाचक

वरचं सगळं होऊन गेलेल्या नोंदींबद्दल आहे. होऊ घातलेल्या नोंदी महसूल खात्याच्या "आपली चावडी" या संकेतस्थळावर दिसतात. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की फेरफार क्रमांक, प्रकार, तारीख, हरकतीची शेवटची तारीख, गट क्रमांक. लॉगिन लागत नाही. हरकतीला १५ दिवस असतात. मुंबईत किंवा सुरतेत राहणाऱ्या लेकीला गावच्या फळ्यावरची नोटीस कशी दिसणार? पण हे दिसतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. १५ दिवसांत दोनदा तरी नजर जाते.

ग्रामसंघाने करायचं ते एवढंच: दर सोमवारी "वारस" आणि "हक्कसोड" प्रकारच्या नोंदींचे गट क्रमांक उतरवून घेऊन त्या घरच्या लेकींपर्यंत पोचवणं. यात एआय नाही, आणि तरी या धाग्यातला सगळ्यात कामाचा भाग हाच असावा.

हरकत लेखी द्या, पोच घ्या. मग नोंद तक्रारी नोंदवहीत जाते आणि मंडळ अधिकारी दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतात. विरोधात गेला तर प्रांतांकडे अपील, मुदत ६० दिवस. आणि लक्षात असू द्या, फेरफार म्हणजे मालकी नव्हे. मालकीचा वाद शेवटी दिवाणी कोर्टात. पण एकदा नाव गेलं की कर्ज, विमा, नुकसानभरपाई सगळं दुसऱ्याच्या हातात जातं, म्हणून नाव महत्त्वाचं.

---

बोरीबाभळी

वारसांच्या हक्काबद्दल चॅटबॉटला विचारलेलं चालतं का? भाषा तर छान असते.

---

चावडीवाचक

भाषा छान असते हीच अडचण आहे. नेहमी चुकतं ते असं:

"२००५ आधी लग्न झालेल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हक्क नाही." चूक. हे हिंदू वारसा कायद्याच्या महाराष्ट्रातल्या १९९४ च्या दुरुस्तीतून आलंय, तिच्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट नाही.

"वडील २००५ मध्ये हयात असले पाहिजेत." हेही चूक. विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा मिटवला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं वाटप मोडत नाही. ही दुसरी बाजू बॉट बहुधा सांगत नाही आणि बाई खोट्या आशेवर वकिलाकडे जाते.

शिवाय तो हिंदू कायदा सगळ्यांना लावतो. मुसलमान कुटुंबाचा वारसा वेगळ्या कायद्याने चालतो. आणि मधूनच "खतौनी" "लेखपाल" असे शब्द आले तर समजायचं, उत्तर उत्तर प्रदेशातून आलंय.

वापरायचंच तर हक्क विचारू नका. कायद्याचं कलम किंवा परिपत्रक तुम्ही चिकटवा आणि "यातून अर्जाला लागणारे कागद कोणते" एवढंच विचारा.

---

ओसरी

महसूल खात्याच्या ई-हक्क प्रणालीवरून वारसाचा अर्ज घरबसल्या होतो. मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, ८-अ. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. मयताचं नाव कमी करणे, अ.पा.क. शेरा कमी करणे, ए.कु.मॅ. कमी करणे हे अर्जही तिथेच आहेत. फेरफार यांनी वर ज्या ए.कु.मॅ. खात्यांचा वेगळा रकाना सांगितलाय, त्यांचं औषध हे.

फट इथे आहे: वारसांची यादी अर्ज करणारा लिहितो. भावाने अर्ज केला आणि बहीण लिहिली नाही, तर स्क्रीन काही बोलत नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्यभर जिवंत सातबारा मोहीम झाली, मयतांच्या जागी वारस लावायची. अशा मोहिमांत वेग असतो, आणि वेगात गळतात त्या बाहेरगावी दिलेल्या मुली. तेव्हा रानजाई यांची तपासणी त्या काळातल्या फेरफारांवर आधी लावा.

दुसरी फट मोबाइलची. नोंदणीला ओटीपी लागतो. सेवा केंद्रवाला स्वतःचा नंबर टाकतो किंवा भाचा त्याचा. मग त्रुटीचा निरोप त्या नंबरवर जातो, पूर्तता होत नाही, अर्ज पडून राहतो, आणि बाईला वाटतं साहेबाने दाबला. नंबर तिचाच. साधा फोन असला तरी ओटीपी येतो.

तिसरी, शेतकरी ओळख क्रमांक. यात आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव यंत्र जुळवून बघतं आणि गुण देतं. पुरुषाचं नाव जन्मापासून एकच. बाई सातबाऱ्यावर माहेरच्या नावाने, आधारवर सासरच्या. पहिलं नाव सोडलं तर दोन्ही शब्द वेगळे, लग्नात नाव बदललं असेल तर तिन्ही. गुण पडतात कमी, अर्ज तपासणीत अडकतो. यंत्राच्या मनात बायकांबद्दल काही नाही, पण नावं जुळवण्याचा नियम असा आहे की अडकतात त्याच. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली प्रसिद्धी जोडून मंजुरी घ्यावी लागते. वारस नोंद करतानाच माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं "ऊर्फ" लावून लिहून घेतली तर पुढचं सगळं सोपं.

---

मांडवीकाठ

गोव्यातल्यांनी ही मोजणी जशीच्या तशी करू नये. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने, वेगळा करार नसेल तर, लग्नाबरोबर मालमत्ता दोघांची सामाईक होते आणि स्थावर विकायला दोघांची संमती लागते. नमुना एक-चौदावर (गोव्याचा सातबारा म्हणा) बायकोचं नाव दिसलं नाही म्हणून तिचा अर्धा वाटा नाही असं होत नाही. महाराष्ट्रात कागदावर नाही म्हणजे व्यवहारात नाही. गोव्यात कागद आणि कायदा यांतलं अंतर मोजावं लागेल, तो वेगळा धागा.

---

अनुस्वार

व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप आणि आवाजी बॉट यांच्या मराठीबद्दल, कारण कोणी बोललं नाही. तयार साचे "शेतकरी बंधूंनो" ने सुरू होतात आणि बॉट "तू अर्ज भरायला आलास का" विचारतो. इंग्रजीतून उलथवलेला मजकूर हमखास पुल्लिंगी येतो.

"आलास/आलीस का" टाळून "तुम्ही आलात का". "अर्ज भरला का?" यात क्रियापद अर्जाच्या मागे जातं, माणसाच्या नाही, त्यामुळे सगळ्यांना चालतं. बॉटने स्वतःबद्दल "समजलो नाही" म्हणण्यापेक्षा "मला समजलं नाही". "खातेदाराने" ऐवजी "ज्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे त्यांनी". बाई वाचते तेव्हा निरोप आपल्याला आहे की नवऱ्याला, हे पहिल्याच ओळीत ठरतं.

---

कोरडवाहू

सामाईक खात्याचं क्षेत्र बायकांत कसं मोजणार? नावांनी भागायचं?

---

फेरफार

नाही. उदाहरण घ्या, वडिलांची स्वकष्टार्जित जमीन, आई आधीच गेलेली. दोन मुलगे, एक मुलगी, आणि आधी वारलेल्या तिसऱ्या मुलाची बायको, मुलगा, मुलगी. सातबाऱ्यावर सहा नावं, त्यात तीन बायका. नावांनी भागलं तर बायकांकडे निम्मी जमीन. कायद्याने चार शाखा, प्रत्येकीला पाव. मुलीला १/४, सुनेला १/१२, नातीला १/१२. बेरीज ५/१२, म्हणजे ४२ टक्क्यांच्या आत. लेकीचा वाटा तर नावांनी भागल्यावर पावाऐवजी एकषष्ठांश दिसतो.

सामाईकचं क्षेत्र भागूच नका. तीन आकडे वेगळे द्या: फक्त बाईच्या नावावरची खाती आणि त्यांचं क्षेत्र, निदान एक बाई असलेली सामाईक खाती, बाईचं नाव फक्त इतर हक्कात असलेली खाती. ए.कु.मॅ. चौथा. यांची एकत्र टक्केवारी कोणी मागितली तरी देऊ नका.

---

रानजाई

पटलं. अजून एक रकाना हवा: नाव आलं कशाने. खरेदी, वारस, वाटप, बक्षीसपत्र की नवऱ्याच्या अर्जाने. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली आणि पुढे १९९२ मध्ये शासनाने परिपत्रक काढलं, की नवऱ्याने अर्ज केल्यास बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. ती सोय वापरलेल्या नोंदी वेगळ्या निघाल्या तर कळेल की नवरा हयात असताना किती नावं लागली. नाहीतर गावात बायकांची नावं वाढलेली दिसतात आणि उघडून बघितलं तर बहुतेक विधवा.

फलकावर लावताना नावं आणि गट नकोत, फक्त संख्या. एखाद्या वर्गात पाचपेक्षा कमी बायका असतील तर तो वर्ग शेजारच्यात मिळवा. "बक्षीसपत्राने: १" असं लिहिलं की कोण ती हे पारावर पाच मिनिटांत ठरतं.

---

बोरीबाभळी

पहिल्या पानाचं चित्र देऊन बघितलं. सहा नावांवर रेघ आहे, मॉडेलने पाच सांगितली. सहावी रेघ शिरोरेषेला चिकटून गेली आहे.

---

फेरफार

तेच होतं. झूम २०० टक्के करून परत चित्र काढा, आणि तरी नाही सापडली तर फे.फा. (फेरफार) च्या रकान्यातला क्रमांक बघा. नाव कमी झालं असेल तर त्याचा फेरफार क्रमांक तिथे असतोच. तो उघडा.